दुसरं ‘रिकामं’

९ जानेवारी

बारक्या,

पत्र माझं आहे, तुझ्या बापाचं नाही, तेव्हा पाकीट उघडायला हरकत नाही. तुझ्या लिफ्टच्या कंपनीचा पत्ता कुठून मिळवला ते विचारू नकोस. आत्या आहे मी, मला सगळं मिळतं.

काम आहे म्हणून लिहितेय, गळा काढायला नाही. परवा दुकानात संग्रहालयातल्या एक बाई आल्या होत्या. चष्मा डोक्यावर ठेवून तोच चष्मा पर्समध्ये शोधत होत्या, त्यामुळे मला लगेच आवडल्या. त्यांच्याकडे जुन्या हत्यारांचं नवं दालन उघडतंय. त्यात त्यांना ते पिस्तूल ठेवायचंय. हो, तेच. ज्यांनी ते आपल्याकडे दुरुस्तीला दिलं होतं ते गृहस्थ गेले आणि त्यांच्या मुलीने ते संग्रहालयाला देऊन टाकलं. मुलगी म्हणाली, घरात ठेवायची भीती वाटते. घरात कुठे होतं म्हणा. आपल्याच खालच्या खणात होतं, मी त्या दिवशी ज्या कापडात गुंडाळून ठेवलं त्याच कापडात. तू गेल्यापासून त्याला कुणी हात लावलेला नाही.

बाईंना दोन गोष्टी हव्यात. पिस्तूल कायमचं निकामी करून, आणि सोबत लोकांना वाचायला एक कार्ड. भरायचं कसं, चालतं कसं, चार ओळींत, पोरासोरांना कळेल असं. आता तूच सांग, मी काय लिहू? आपण रिव्हॉल्वरवाले. चक्र बाहेर काढलं, खिडकीकडे धरलं, सगळ्या भोकांतून उजेड दिसला की हत्यार रिकामं. पिढ्यान्पिढ्या आपलं शहाणपण तिथे संपलं. आपोआप भरणाऱ्या पिस्तुलांचं वेड या घरात एकट्या तुला होतं. ती जुनी पहिली-पहिली पिस्तुलं कुणी आणली की तू जेवायला यायचा नाहीस, मी ताट झाकून ठेवायची.

तर एक कागद घे आणि चार ओळी लिहून पाठव. दालन मार्चमध्ये उघडणार आहे.

तुझ्या बापाला हे काम घेतल्याचं सांगितलं. त्याने उजवा कान पुढे केला. उजव्या कानाने त्याला काही ऐकू येत नाही, हे तुला वेगळं सांगायला नको.

तुझी आत्या

२० जानेवारी

बारक्या,

उत्तर नाही. बरं. मग मीच शिकते आणि तुला शिकवते, म्हणजे तुझा जळफळाट होऊन तरी तू चुका काढायला लिहिशील.

खण उघडला. कापड सोडलं. पहिल्या दिवशी काय झालं ते नंतर लिहीन, आज नको. आज फक्त यंत्र. कारण बारक्या, मी गेले काही दिवस या लोखंडाच्या प्रेमात पडले आहे, आणि या वयात हे बरं दिसत नाही.

तू मला तेव्हा दाखवायचास आणि मी म्हणायची, हो हो, छान आहे, आधी जेव. माझं काही लक्ष नसायचं. आता माझ्या बाकावर आहे ते. चापाच्या पुढे चौकोनी डबा, काडतुसांचा. नळीच्या मागे बोल्ट, म्हणजे मागे-पुढे सरकणारं दार. दार मागे ओढलं की तिथेच थांबतं, कारण डब्यातली रिकामी पाटी वर येऊन त्याला अडवते. मग ती पट्टी. पातळ पत्रा, त्यात काडतुसं ओळीने उभी. आपल्याकडच्या दुरुस्तीच्या खोट्या काडतुसांनी, बिनदारूच्या, मी करून पाहिलं. पट्टी खाचेत उभी धरायची आणि अंगठ्याने दाबायची. सगळी काडतुसं कुरकुर करत डब्यात उतरतात, एक डावीकडे एक उजवीकडे, शाळेतली पोरं बाकांवर बसतात तशी. मग पट्टी उपसून काढली आणि दार खाडकन स्वतःच पुढे गेलं. जाता जाता सगळ्यात वरचं काडतूस पुढे लोटून नळीत बसवून टाकलं. मी काही केलं नव्हतं. मी नुसती रिकामी पट्टी हातात घेऊन उभी होते.

पण खरी गंमत पुढे आहे. गोळी सुटली की हाताला धक्का बसतो, तो आपण आयुष्यभर सोसला. माझ्या मनगटाला विचार. पिढ्यान्पिढ्या सगळे बंदूकवाले तो धक्का सोसत आले, शिव्या देत आले, आणि कुणा एकाच्या डोक्यात आलं की हा धक्का फुकट जातोय, याला कामाला लावू. तोच धक्का दार मागे लोटतो. दाराला एक बारीक आकडी आहे, ती रिकाम्या पुंगळीची कड धरून तिला नळीतून ओढते. पुंगळी बाहेर उडते. मागे जाताना दार घोडा चढवून ठेवतं, म्हणजे पुढच्या वेळी मारायला तो तयार. मागची स्प्रिंग आवळते, सुटते, दार पुढे येतं आणि येताना नवं काडतूस घेऊन येतं. हे सगळं पापणी लवायच्या आत. आणि माणसाने केलेलं काम एकच, बोट दाबणं.

आणि त्याहून थोर गोष्ट. नळी आणि दार सुरुवातीला एकमेकांत अडकलेले असतात. दोघं मिळून जरासे मागे येतात, नखभर. तेवढ्यात गोळी तोंडातून बाहेर पडते, मगच खालची कडी सुटते आणि दार उघडतं. त्याआधी उघडलं तर आग चेहऱ्यावर. म्हणजे ज्याने हे केलं त्याला ठाऊक होतं की गोळीला बाहेर पडायला किती वेळ लागतो, आणि तो वेळ त्याने लोखंडात कापून ठेवला. मी ते नखभर अंतर भिंगाखाली पाहत बसले आणि चहा गार झाला. माणूस मारायच्या वस्तूत एवढी अक्कल कुणी घालावी याचा राग येतो मला. आणि राग येता येता हात जोडावेसे वाटतात. दोन्ही खरं आहे, मी काय करू.

आता एक प्रश्न, आणि याचं उत्तर मला हवंच आहे. त्या दिवशी तू डब्याचा तळ काढून काडतुसं हातात घेतलीस. मग दार मागे ओढलंस. तेव्हा नळीतून काही बाहेर आलं नाही, बरोबर? आणि तळ काढलेला, पाटी बाहेर, त्यामुळे दाराला अडवायला काही नव्हतं, ते परत मिटलं. असंच झालं ना?

मी त्या वेळी पाठमोरी होते, शेगड्याच्या लोखंडी जबड्यात आवळलेली नळी घासत होते. मी फक्त ऐकलं.

आत्या

२ फेब्रुवारी

बारक्या,

तुझं कार्ड मिळालं. एक शब्द. ‘असंच.’ एका शब्दासाठी कुणी तिकीट लावतं का रे? पण मी ते चष्म्याच्या घरात ठेवलंय.

आता पहिल्या दिवशीचं सांगते.

कापड सोडलं तेव्हा दार मिटलेलं होतं आणि डब्याला तळ नव्हता. तळ वेगळा, पाटी वेगळी, त्याच कापडात. मी पिस्तूल भिंतीकडे धरलं आणि दार मागे ओढलं. काही बाहेर पडलं नाही. दार सोडलं, पुन्हा ओढलं. काही नाही. तोंडात ‘रिकामं’ आलंच होतं माझ्या. जन्माची सवय, जो रिकामं करतो तो मोठ्याने म्हणतो, मग हत्यार दुसऱ्याच्या हातात जातं, दुसरा स्वतः बघतो आणि तोही म्हणतो. दोन ‘रिकामं’ झाल्याशिवाय आपल्या दुकानात कुणी चाप ओढत नाही. तुझ्या पणजोबापासूनचं आहे ते.

पण त्या दिवसानंतर मला एक खोड लागली आहे. मी करंगळी घालून बघते. दार ओढून धरलं आणि करंगळी नळीच्या मागच्या तोंडात घातली.

बोटाला पितळ लागलं.

मी हललेच नाही, बारक्या.  मग वाकून आत पाहिलं. काडतूस नव्हतं, पुंगळी होती. मागच्या टिकलीवर पिनेचा ठसा. उडालेली. त्या दिवशी उडालेली, ज्या गोळीने छताला भोक पाडलं तिची. इतकी वर्षं ती तिथेच बसून होती, बाहेर पडायची वाट पाहत.

आता तू मागच्या पत्रात मी काय लिहिलं ते आठव. गोळी उडाली की आकडी पुंगळी ओढून बाहेर फेकते. पिस्तुलाचा धर्मच तो. मग ही आत का राहिली?

मी आकडी काढली. नुसत्या डोळ्याला धड दिसते. भिंगाखाली धरली तर तिचं टोक तुटलेलं, साळीचा दाणा कुरतडावा एवढंच. मग खोटी काडतुसं घेतली आणि बसले. आकडी परत बसवली, काडतूस नळीत, दार ओढलं, काडतूस बाहेर. पुन्हा, बाहेर. पुन्हा, बाहेर. म्हटलं, आत्याबाई, तुम्ही स्वप्न बघताय. मग एकदा दार जोरात सुटू दिलं, काडतूस घट्ट बसलं, आणि ओढलं तर दार आलं आणि काडतूस आतच राहिलं. हाताला काहीच कळलं नाही. तसंच गुळगुळीत आलं दार, रिकाम्या पिस्तुलाचं येतं तसं.

तू ओढलंस. तू खरंच ओढलंस. पिस्तूल खोटं बोललं, तू नाही.

तुझा बाप घोड्याचा आवाज ऐकायला ते कानाशी धरून उभा होता, नळी वर करून, आपण सगळे धरतो तसं. चाप ओढला आणि कान गेला. आणि कानात ते शिट्टीसारखं वाजत असताना तो तुझ्यावर ओरडला, बघितलं नाहीस? तू म्हणालास, ओढून बघितलं. तो म्हणाला, खोटं बोलू नकोस. एवढंच बोलणं झालं तुमचं. संध्याकाळी तुझी बॅग दारात होती. मला तेव्हाही वाटत होतं की तू खोटं बोलणारा नाहीस, पण वाटण्याला काय किंमत. आता माझ्या तळहातावर पुरावा आहे.

मी जिन्यातून हाक मारून दादाला, तुझ्या बापाला, खाली बोलावलं. काही सांगितलं नाही. पुंगळी, आकडी आणि भिंग त्याच्यापुढे ठेवलं आणि पुन्हा तसंच करून दाखवलं. त्याने भिंग बराच वेळ डोळ्याला लावून ठेवलं. मग नीट पुसून जागेवर ठेवलं आणि वर गेला. जेवायला आला नाही. मी ताट झाकून ठेवलं. तुम्ही दोघं सारखेच.

आत्या

११ फेब्रुवारी

बारक्या,

हे पत्र अर्धं माझं, अर्धं तुझ्या बापाचं. त्याने स्वतः लिहावं म्हणून कागद पुढे केला तर म्हणाला, तूच लिही, माझ्याने सरळ लिहवणार नाही. मग बाकावर माझ्या समोर बसला. तो बोलला तसं लिहिते.

“त्या दिवशी दुसरं रिकामं मी म्हणालो. बघितलं नव्हतं. डब्याचा तळ टेबलावर दिसला आणि म्हणालो. दार ओढलं नाही, आत वाकलो नाही. दुसऱ्या कुणाच्या हातून आलं असतं तर बघितलं असतं. त्याच्या हातून आलेलं मी बघणं कधीच सोडलं होतं. त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला होता. मग आवाज झाला आणि मी घाबरलो. त्या खोलीत एकच माणूस खोटं बोलला होता, आणि तो मी. हे तिथल्या तिथे मला कळलं होतं. म्हणूनच ‘खोटं’ हा शब्द तोंडात आला. हे लिही. असंच लिही.”

मी लिहिलं. तो म्हणाला, वाचून दाखव. मी डाव्या कानाशी वाचून दाखवलं. एक शब्द बदलू दिला नाही.

मी त्याला बोलले नाही असं समजू नकोस. चांगलं तोंडसुख घेतलं. इतकी वर्षं छताचं ते भोक बुजवू दिलं नाहीस, गवंडी आला की हाकलून द्यायचास, मला वाटायचं मुलावरच्या रागाने ठेवलंयस. तो म्हणाला, स्वतःला दिसावं म्हणून ठेवलंय. बाकावर बसलं की बरोबर समोर येतं ते.  मीही वर बघितलं.

आता कामाचं. पिन काढली आहे, पिस्तूल पुन्हा कधी उडणार नाही. आकडी बदलली नाही, बाईंना सगळं मूळ हवंय. कार्ड मीच लिहिलं, चार ओळींचं अकरा ओळी झालं, बाई म्हणाल्या राहू दे. पण पिस्तूल दुकानाबाहेर जायचं तर दोन ‘रिकामं’ व्हायला हवीत. पहिलं मी म्हणेन. दुसरं म्हणायला दादाला बोलावलं तर तो दोन पावलं मागे सरला. म्हणाला, माझं दुसरं मी त्या दिवशीच वापरून टाकलं, आता ते ज्याचं आहे त्याने म्हणावं.

बाई काल न्यायला आल्या. मी सांगितलं, अजून तयार नाही. त्या म्हणाल्या, पिन तर काढली ना, मग राहिलं काय? म्हटलं, पद्धत राहिली आहे. त्यांनी डोक्यावरचा चष्मा शोधत माझ्याकडे पाहिलं आणि महिनाअखेरपर्यंत थांबते म्हणाल्या. त्यानंतर मात्र काचेची पेटी बंद होणार, किल्ली त्यांच्याकडे, आणि ते पिस्तूल पुन्हा कुणाच्या हातात येणार नाही. तुझ्याही नाही.

तुला राग असेल तर तो घेऊनच ये. लिफ्टला एवढी माणसं चढवतोस उतरवतोस, स्वतःला एका गाडीत चढव. पिस्तूल बाकावर आहे, दार उघडं, पाटी वर. मी त्यावर कापडसुद्धा टाकलेलं नाही.

तुझी आत्या

१ मार्च

बारक्या,

पोचलास का? खाऊचा डबा परत पाठव, त्याचं झाकण दुसऱ्या कशाला लागत नाही.

काल संध्याकाळी बाई पिस्तूल घेऊन गेल्या. आज मी दालन बघून आले, उघडायच्या आधीच, ओळखीने. काचेत ठेवलंय, दार उघडं, शेजारी पट्टी, आणि वेगळ्या छोट्या तबकात पुंगळी आणि ती आकडी, वर भिंग बसवलेलं. माझ्या अकरा ओळी खाली. दिव्याखाली ते इतकं शांत दिसत होतं की मला पुन्हा तेच झालं. किती हुशारीने केलंय. हाताचा धक्का घेऊन स्वतःलाच पुन्हा भरणारं. आणि एवढ्या हुशारीचा सगळा भार तांदळाच्या कणीएवढ्या टोकावर. मी बराच वेळ उभी राहिले. पहारेकरी म्हणाला, मावशी, बरं वाटतंय ना?

तू दोन दिवस राहिलास आणि तुम्ही बापलेक काय बोललात म्हणशील तर स्प्रिंगचं तेल आणि छताचं भोक. भोक बुजवायचं की नाही यावर वाद घालून गेलास, तो अजून चालू आहे, एकतर्फी. तुझा बाप आज सकाळी शिडी घेऊन आला, वर चढला, बोट घालून बघितलं आणि उतरला. म्हणाला, तो पुढच्या वेळी येईल तेव्हा दोघं मिळून बुजवू.

पण मी लिहायला बसले ते वेगळ्यासाठी. तुला एक गोष्ट दिसली नाही, ती सांगायची आहे. तू तेव्हा पिस्तुलात बघत होतास.

मी करंगळी घालून ‘रिकामं’ म्हणाले आणि तुझ्या हातात दिलं. तू दार धरलंस, खिडकीकडे वळलास, नळीतून पाहिलंस, मग तूही करंगळी घातलीस. तुला कुणी शिकवलं नव्हतं, तरी घातलीस. मग तू म्हणालास, “रिकामं.” हळूच म्हणालास.

तुझा बाप म्हणाला, “काय?”

तुला वाटलं, बिचाऱ्याला ऐकू आलं नाही. तू मान वर न करता पुन्हा म्हणालास, मोठ्याने, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं. तो ‘बरं’ म्हणाला आणि शेगड्याकडे गेला.

बारक्या, तू दुकानात आलास तेव्हा तो तुझ्या डावीकडे उभा होता, उजवा कान तुझ्याकडे करून. तू पिस्तूल हातात घेतलंस तेव्हा तो बाकाला वळसा घालून पलीकडे आला, डावा कान तुझ्याकडे करून, अगदी जवळ. त्याला पहिल्या वेळीच ऐकू आलं होतं.

तुझी आत्या